पोचवायला कोण कोण गेलं

यमुना भोईरला राजोडीला नेलं त्या सकाळी तिचे वडील घरातच होते. मधल्या खोलीत, जमिनीवर, डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढलेले. यमुना मागच्या पडवीत दात घासत होती. तिचा धाकटा भाऊ विघ्नेश मागच्याच दाराने आला, तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाला, "चल, आत्याकडे जायचंय. समुद्रावर."

रिक्षा मागच्या बोळात उभी केली होती. पुढच्या अंगणात माणसं जमायला लागली होती, ती तिला दिसू नयेत म्हणून.

यमुना तेव्हा छत्तीस वर्षांची होती. वय आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण त्यानंतर जे जे घडलं त्यात जवळजवळ प्रत्येकाला ते विसरायला झालं.

भोईरांचं घर नायगावच्या खाडीकाठचं. थोडी भातशेती होती, त्यातली बरीचशी बिल्डिंगांखाली गेली. वडील, चंद्रहास भोईर, वालीवच्या एका कारखान्यात मशीनवर होते, मरायच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाले होते. यमुना जन्मापासून सावकाश शिकणारी. लांबलचक बोललेलं तिच्या डोक्यात नीट शिरत नाही, घड्याळ तिला अजून कळत नाही, शाळेने तिला तिसरीतून घरी पाठवलं. पण चंद्रहास तिच्याशी सरळ बोलत. म्हैस मेली तेव्हा तिला गोठ्यात नेऊन दाखवली. आजी गेली तेव्हा तिचा हात आपल्या हातात धरून आजीच्या तोंडात पाणी घालायला लावलं. मरण म्हणजे काय, हे यमुनाला आधीच ठाऊक होतं, आणि घरातल्या सगळ्यांना तिला ते ठाऊक असल्याचंही ठाऊक होतं. तरी मागच्या बोळात रिक्षा आली.

राजोडीला आत्याने तिचे लाड केले. भेळ, गोळा, नवा ड्रेस. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला. आत्याचे डोळे सुजलेले असत, विचारलं की ती म्हणे, कांदा कापत होते.

"पप्पा कुठंय?" यमुना रोज विचारायची.

"कंपनीत गेलाय."

"पप्पा रिटायर झालाय."

"परत बोलावलाय त्याला. गुजरातला पाठवलाय."

"मंग फोन लाव."

"तिकडं रेंज नाय, बाय."

आत्याच्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, नाशिकला. खोटं बोलायचं तर निदान आपसात ठरवून बोलावं, एवढीसुद्धा तसदी कोणी घेतली नव्हती. हिला काय कळतंय!

तेरावं उरकलं आणि मग तिला घरी आणलं. दारातच तिने आईकडे बघितलं. कृष्णाबाईंचं कपाळ मोकळं होतं. आत भिंतीवर पप्पांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. यमुना फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग वळून तिने विचारलं, "पप्पाच्या तोंडात पानी कोनी घातला?"

विघ्नेशने तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"कोनी घातला?"

"विघ्नेशनी," कृष्णाबाई म्हणाल्या. "मी घातला. काकांनी घातला."

"पोचवायला कोन कोन गेला?"

विघ्नेश म्हणाला, "अगं, सगळं गाव होतं. पण बायका स्मशानात जात नाहीत, तुला माहीत आहे ना?"

"रस्त्यापर्यंत जातात. दारात उभ्या ऱ्हातात. शेजारची काकी होती दारात?"

"होती."

"दूधवाला होता?"

"होता."

"गटारावरून पप्पाशी भांडनारा तो होता?"

विघ्नेशने मान हलवली. तोही होता. खांद्यालासुद्धा लागला होता.

"आनि मी भेळ खात होते," यमुना म्हणाली.

"तुला त्रास होऊ नये म्हणून केलं, यमू. तू किती रडली असतीस!"

"मंग? तू नाय रडला?"

विघ्नेश पायात चपला घालून बाहेर गेला.

यमुना त्या दिवशी रडली नाही. आत्याने घेतलेला नवा ड्रेस तिने पिशवीसकट घरामागच्या गटारात टाकला. विघ्नेश ताटावर बसला की ती उठून जाई. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडे: "मला सांगितला नाय! मला सांगितला नाय!" विघ्नेशची बायको घाबरली. विघ्नेश यमुनाला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी यमुनाला एक शब्द विचारला नाही, सगळं विघ्नेशला विचारलं, आणि चिडचिड कमी व्हायची गोळी लिहून दिली.

बाप मेल्यावर विघ्नेश असा ओरडला असता तर लोक म्हणाले असते, बिचारा, बापावर फार जीव होता. यमुना ओरडली तर तिला गोळी. गोळी घेऊन ती दिवसभर पेंगायची, बोलताना जीभ जड व्हायची. घरात शांतता झाली. सगळ्यांना वाटलं, लागू पडली.

एका सकाळी तिने ती गोळी तळहातावर थुंकली आणि आईपुढे धरली. "आये, मला आजार नाय. मला राग आलाय."

कृष्णाबाईंनी गोळी तिच्या हातातून घेतली. नवरा जाऊन दोन महिने होत आले होते, आणि त्यांनाही राग होताच, कुणावर ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी गोळ्यांची पट्टी उचलली, एकेक गोळी सोलली आणि मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. विघ्नेशला त्यांनी सांगितलं, "राग हाय तर ऱ्हावंदे. माजीच पोर हाय ती."

पप्पा होते तेव्हा ती जायची त्या पापडीच्या केंद्रात यमुना पुन्हा जायला लागली.

वाडीतल्या एका जुन्या घरात हे केंद्र चालतं. यमुनासारखी पंधरा-सोळा माणसं तिथे दिवसभर असतात. कोणी पंचविशीतलं, कोणी पन्नाशीकडे झुकलेलं. वालीवच्या एका वर्कशॉपमधून बिजागऱ्या येतात, त्या आणि त्यांचे स्क्रू पिशव्यांत भरायचे, हे काम. देखरेखीला कॅरल, सव्वीस वर्षांची, मनाने चांगली. पण तीसुद्धा त्यांना "मुलांनो" म्हणूनच हाक मारायची. केस पांढरे झालेल्या स्टॅनीलाही.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, यमुनाने डबा न उघडता विचारलं, "तुमच्या घरी कोन मेला? तुम्हाला सांगितला का?"

आधी निधी बोलली. विरारच्या एका फ्लॅटमध्ये राहणारी, सगळ्यांत लहान. "माझे आजोबा. मम्मी म्हणाली ते स्टार झाले. मी रोज टेरेसवर जायचे. मला कुठला ते कळायचंच नाही."

जॅक्सन हा आडदांड, कमी बोलणारा माणूस. त्याने हातातला पाव खाली ठेवला. "माझे पण आजोबा. नाना. मला शेजारी टीव्ही लावून दिला. अंत्ययात्रेचा बँड ऐकू आला."

आणखी दोघातिघांनी सांगितलं. कोणाला पाहुण्यांकडे पाठवलं होतं, कोणाला खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. कोणी कधी हे विचारलं नव्हतं, म्हणून कोणी कधी हे बोललं नव्हतं.

"माझं कोणी मेलं नाही," स्टॅनी म्हणाला. "मम्मा कुवेतला आहे. नर्स आहे. ख्रिसमसला चॉकलेटं पाठवते."

तो म्हणाला तशी कॅरलने मान खाली घातली, आणि यमुनाने ते बघितलं.

हात धुताना तिने कॅरलला गाठलं. "मिस, याची आई मेली ना?"

"हळू बोल, यमुना!"

"म्हंजे मेली."

मेलीच होती. सहा वर्षांपूर्वी. स्टॅनीची आई तरुणपणी खरोखरच कुवेतला नर्स होती, म्हणून घरच्यांना ते खोटं सोपं गेलं. दर ख्रिसमसला त्याचा मोठा भाऊ क्लिफर्ड चॉकलेटचा डबा आणायचा आणि त्यावर लिहायचा, 'मम्माकडून'. केंद्र चालवणाऱ्या सगळ्यांना हे माहीत होतं. स्टॅनी रविवारी चर्चमधून, मिस्साहून आला की फोनशेजारी बसून राहतो, हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. किती गोड आहे, अजून आईची वाट बघतो!

यमुनाला ते गोड वाटलं नाही. त्या दुपारी तिच्या हातून बिजागऱ्या भरल्या जाईनात.

केंद्राच्या प्रमुख क्षितिजा मॅडम. त्यांच्या कानावर गोष्ट गेली तसं त्यांनी यमुनाला ऑफिसात बोलावलं.

"हा विषय इथे काढायचा नाही," त्या म्हणाल्या. "मुलं डिस्टर्ब होतात."

"मी मूल नाय."

"तसं नाही गं, आपण प्रेमाने म्हणतो."

"मॅडम, तुम्हाला कोन प्रेमानं मूल म्हनतो?"

क्षितिजा मॅडमचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या. वीस वर्षं त्यांनी हे केंद्र लोकांच्या हातापाया पडून चालवलं होतं. पण इतक्या वर्षांत समोरच्या खुर्चीत बसून कोणी त्यांना उलट प्रश्न केला नव्हता, आणि तो त्यांना सहन झाला नाही. "तुझ्या वडिलांचं दुःख आहे, मी समजते. थोडे दिवस घरी आराम कर. बरं वाटलं की ये," असं म्हणून त्यांनी विघ्नेशला फोन लावला.

यमुना ऑफिसातून बाहेर आली, पिशवी घेतली आणि फाटकाबाहेर जाऊन कट्ट्यावर बसली. खिडकीतून ती सगळ्यांना दिसत होती.

"यमुना का बाहेर?" जॅक्सनने विचारलं.

"तिला बरं नाही," कॅरल म्हणाली.

"खोटं," जॅक्सन म्हणाला. त्याने समोरचा ट्रे ढकलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. निधीने ते बघितलं आणि तिनेही ट्रे ढकलला. मग तिच्या शेजारच्याने. काहींना कशासाठी ते नीट कळलंही नसेल. पण यमुना बाहेर आहे आणि कोणीतरी खोटं बोललंय, एवढं सगळ्यांना कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. कॅरलने गोड बोलून बघितलं, बिस्किटं काढून बघितली. बिस्किटांना कोणी हात लावला नाही. शेवटी कॅरल स्वतःच उठली, ऑफिसात गेली आणि म्हणाली, "मॅडम, तिला आत घ्या. नाही तर मलाही बाहेर बसवा."

पण त्याआधीच फाटकाशी क्लिफर्डची बाइक आली होती. तो स्टॅनीला न्यायला आला होता. यमुना कट्ट्यावरून उठून त्याच्या समोर उभी राहिली.

"क्लिफर्डभाऊ, स्टॅनीला सांगा. आई मेली म्हनून सांगा."

क्लिफर्डने आधी इकडेतिकडे बघितलं. मग तो भडकला. "तुला काय करायचंय? आमच्या घरात नाक खुपसणारी तू कोण?"

"माज्या भावानं पन असंच केलं. मी त्याच्याशी बोलत नाय."

"आम्ही त्याला सांभाळतोय. तू नाही सांभाळत."

"मी सांगितला तर त्याला वाटंल मी खोटं बोलते. तुम्ही सांगा."

क्लिफर्डने बाइक बंद केली. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. "तेव्हा वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. मग ख्रिसमस आला. सहा वर्षं झाली, यमुना. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"याच," यमुना म्हणाली.

त्याने लगेच सांगितलं नाही. दोन रविवार गेले. कॅरलच्या बोलण्यावर मॅडमनी यमुनाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घेतलं होतं, पण ते दिवस तिला फार जड गेले. स्टॅनी समोर बसून मम्माच्या गोष्टी करायचा आणि ती ट्रेकडे बघत राहायची. तिसऱ्या रविवारी क्लिफर्डचा फोन कृष्णाबाईंच्या मोबाइलवर आला. त्याने सांगितलं होतं. स्टॅनी विश्वास ठेवत नव्हता. म्हणत होता, यमुनाला विचारा, ती खोटं बोलत नाही.

कृष्णाबाई तिला घेऊन पापडीला गेल्या. चर्चमागच्या दफनभूमीत क्लिफर्ड आणि स्टॅनी आधीच उभे होते. स्टॅनीने मिस्साचा इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

क्लिफर्डने एका क्रूसाकडे बोट दाखवलं. त्यावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं. तिथे जागा अपुरी. काही वर्षांनी जुन्या कबरीत नव्या माणसाला जागा देतात, आधीच्या अस्थी बाजूला एकत्र ठेवतात. मम्माच्या नावाचं काहीच उरलेलं नव्हतं. सहा वर्षं थांबलेल्या माणसाला दाखवायला एक पाटीसुद्धा नव्हती.

स्टॅनी अक्षर न् अक्षर लावून ते नाव वाचत राहिला. "ही मम्मा नाही."

"होती इथे," क्लिफर्ड म्हणाला. "मी हाताने माती टाकली, स्टॅनी."

स्टॅनीने त्याच्या छातीवर बुक्की मारली. मग दुसरी. क्लिफर्डने हात वर केले नाहीत. मग स्टॅनी यमुनाकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"थोडे दिवस."

"मला नाही सांगितलंस."

यमुनाला सांगता आलं असतं की भावानेच सांगावं म्हणून ती थांबली होती. तिने ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "नाय सांगितला."

स्टॅनी खाली मातीत बसला आणि मोठ्याने रडला, दफनभूमीच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा. क्लिफर्ड त्याला उठवायला गेला तर कृष्णाबाई म्हणाल्या, "रडू दे त्याला. किती वर्सांचं हाय ते."

त्यानंतर कितीतरी महिने स्टॅनी यमुनाशी बोलला नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. कॅरलने त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला तेव्हा यमुनाच म्हणाली, "मिस, नका. त्याचा राग बरोबर हाय."

केंद्रात मात्र आता हा विषय बंद करणं कोणाच्या हातात राहिलं नव्हतं. बुधवारी जेवणानंतर सगळे बसून बोलायचे, आणि कॅरलला दाराबाहेर थांबायला सांगायचे. पालकसभेत यमुनाने बोलावं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. क्षितिजा मॅडम म्हणाल्या, मी तुमच्या वतीने मांडते. जॅक्सन म्हणाला, "नाही. यमुना." मॅडमनी पुष्कळ वाद घातला आणि मग नाइलाजाने कार्यक्रमात शेवटची पाच मिनिटं दिली.

सभेला बरेच पालक आले होते. विघ्नेशही आला होता, सर्वांत मागे भिंतीला टेकून. यमुना पुढे जाऊन उभी राहिली. तिने कागद घेतला नव्हता, तिला नीट वाचता येत नाही.

"आमच्या घरी मानूस मेला तर आम्हाला सांगा," ती म्हणाली. "त्याच दिवशी. तारा झाला सांगू नका. गावाला गेला सांगू नका. मेला सांगा. आनि आम्हाला बघू द्या."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "बोलायला सोपं आहे. माझ्या मुलाला फिट येते. तिथे सगळ्यांसमोर आली तर?"

"तर धरा त्याला. तिथे केवढी मानसं असतात."

"लोक काय म्हणतील?"

यमुनाचा आवाज चढला. "लोक येतात ना? जेवून जातात ना? माज्या बापाला सगळ्यांनी बघितला. मी नाय बघितला. आता बघता येनार हाय का? सांगा! कोन दाखवनार मला?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई पदराने तोंड झाकून बाहेर गेली. ते गृहस्थ पुटपुटत खाली बसले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला केंद्रातून काढलं. आणखी एका घराने तेच केलं. इथे डोकी भडकवतात म्हणाले. क्षितिजा मॅडमनी यमुनाला ते ऐकवलं. यमुना म्हणाली, "त्या पोराला विचारला का, जायचंय का म्हनून?" त्याला विचारलं नव्हतं. बुधवारच्या गटाने त्याच्या घरी जायचं ठरवलं. गेलेही. दार उघडलं नाही.

पण जॅक्सनचे वडील वारले तेव्हा त्याला सकाळीच उठवून सांगितलं गेलं. अंत्ययात्रेत तो शवपेटीला खांदा देऊन चालला, मध्येच थांबून मोठ्याने रडला, पुन्हा चालला. कोणा नातेवाइकाने त्याला बाजूला घ्यायला हात पुढे केला. स्टॅनीने तो हात धरला आणि म्हणाला, "त्याला राहू द्या." त्या दिवशी परतताना स्टॅनी यमुनाच्या शेजारून चालत होता. बोलला मात्र नाही.

विघ्नेशशी यमुनाचं बोलणं तेव्हाही बंदच होतं. वर्षश्राद्धाला त्याने तिला पुढे बोलावून पप्पांच्या नावाने पाणी सोडायला लावलं. तिने पाणी सोडलं आणि त्याच्याकडे न बघता उठून गेली. त्याने कधी माफी मागितली नाही. त्याला अजूनही वाटत असावं की आपण तिच्या भल्याचंच केलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी तो केंद्राच्या फाटकाशी आला. घामाघूम होता. यमुनाला बोलावून घेतलं.

"आई पडली. मोरीत. दवाखान्यात नेलीये. चल."

यमुना जागची हलली नाही. "मेली?"

"नाही गं."

"खरं सांग."

"नाही मेली. पाय मोडलाय. शप्पथ!"

"तुजी शप्पथ नको," ती म्हणाली. दीड वर्षानंतर ती त्याच्याशी बोलत होती ती अशी. बाइकवर मागे बसतानाही तिने त्याच्या खांद्याला हात लावला नाही, मागचा दांडा धरला. वाटेत त्याने दोनदा सांगितलं, आई ठीक आहे, बोलतेय, शुद्धीवर आहे. ती ऐकत नव्हती. तिच्या मते रिक्षा असो की बाइक, ती तिला कुठेही नेऊ शकत होती.

वॉर्डात कृष्णाबाई पलंगावर होत्या, पायाला प्लास्टर, आणि सलाइन नीट लागलं नाही म्हणून नर्सवर तडकलेल्या. यमुना त्यांच्याजवळ गेली. आधी कपाळाला हात लावला, मग गालाला, मग प्लास्टरबाहेर आलेली पायाची बोटं एकेक करून चाचपली. ती गरम होती.

"काय बगतेस?" कृष्णाबाई म्हणाल्या. "जिती हाय मी."

यमुनाने स्टूल ओढलं आणि पलंगाला चिकटून बसली. विघ्नेश दाराशी उभा होता, आत यावं की नाही ह्या विचारात.

"विघ्नेश," ती मागे न वळता म्हणाली, "पानी आन आयेला."

तो पाणी आणायला गेला.